सबनीसांचा काशीचा गडू

२०१९च्या फेब्रुवारीत अविनाश सबनीस आईला घेऊन रामेश्वरला गेले. हे जाणं २०१४पासून ठरत होतं.

सबनीस आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यात, पाणी शुद्ध करण्याच्या विभागात होते. मी पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं. चिप धुवायला जे पाणी लागतं, त्यापुढे पिण्याचं पाणी गढूळच. कुणी "पाणी ठीक दिसतंय" म्हटलं की सबनीस मान वर न करता विचारत, "दिसतंय की मोजलंय?" डेक्लन नावाच्या आमच्या सहकाऱ्याला हे एकच मराठी वाक्य येत असे. कँटीनमधला चहा हातात आला की तो तेच सबनीसांना विचारायचा.

आई नागपूरच्या. दर उन्हाळ्यात तीन महिने येत. २०१४ला येताना त्यांनी गंगेचा गडू आणला. तांब्याचा, डाख देऊन बंद केलेला. पतीबरोबर त्यांनी काशी केली होती. तिथलं पाणी रामेश्वराला वाहिल्याशिवाय ती यात्रा पुरी होत नाही. पती वारले आणि रामेश्वर राहिलं. लिक्सलिपच्या घरात देव स्वयंपाकघरातल्या कपाटात होते. गडू त्यांच्या शेजारी ठेवून आई मुलाला म्हणाल्या, "इथंच राहू दे. तुझ्या नजरेसमोर असलेला बरा."

सबनीस दर वर्षी रजा टाकत आणि मागे घेत. एकदा नवी यंत्रं बसत होती, एकदा मुलीची परीक्षा आली. "गडू सीलबंद आहे, त्याला काय होणार? पुढच्या वर्षी नक्की," असं ते म्हणत. "त्यातले कण मोजलेत का कधी?" मी एकदा चिडवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "आपण नाही उघडायचा. रामेश्वरचे गुरुजी उघडतील."

२०१८च्या उन्हाळ्यात आईंना जिना चढवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढे हृदय अशक्त असल्याचं सांगितलं. या वेळी रजा मागे घेतली गेली नाही.

निघायच्या आठवड्यात सामानाचं वजन करताना सबनीसांनी गडू काट्यावर ठेवला. वजन फारच कमी भरलं. कानाशी धरून हलवला, तर आवाज नाही. डाखात कुठेतरी बारीक फट राहून आतलं पाणी कधीच उडून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला.

"बारीक भोक पाडा, पाणी भरा, वरून डाख द्या," मी म्हटलं. "आईंना काय कळणार?"

"मला कळेल," ते म्हणाले आणि तिथूनच नागपूरला फोन लावला. फोन टेबलावर होता. मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"आई, गडू कोरडा आहे."

"माहीत आहे ना मला. तुझ्याकडे आणला तेव्हाच आत पाणी हलत नव्हतं."

"मग पाच वर्षं बोलली का नाहीस?"

"काय विचारून राहिला बाप्पा! बोलले असते तर तुला न जायला अजून एक कारण मिळालं असतं. तू ये आधी. पाण्याचं पाहू आपण."

सबनीस बराच वेळ अंगठ्याने गडूचा डाख चोळत बसले. जेवण तसंच राहिलं. मग म्हणाले, "आधी काशीची तिकिटं बघायला हवीत."

दोघं नागपूरहून काशीला गेले. घाटाजवळ नवा गडू भरून, डाख देऊन घेतला आणि तिथून रामेश्वर गाठलं. देवळातल्या बावीस कुंडांवर स्नान करायची रीत आहे. आईंना अकराच झेपली. उरलेल्या अकरांवर सबनीस एकटे गेले आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं पाणी आईंच्या डोक्याला लावायला ओंजळीत घेऊन आले. गुरुजींनी गडू फोडून पाणी पिंडीवर ओतलं, तेव्हा आई समोर बसल्या होत्या.

निघताना त्यांनी समुद्रकाठची वाळू पुडीत बांधून घेतली. ती प्रयागला नेऊन सोडतात. पुडी त्यांनी मुलाच्या बॅगेत घातली.

आई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरला वारल्या. सबनीसांनी त्यांच्या अस्थी आणि ती वाळू एकाच दिवशी प्रयागच्या संगमात सोडली.