तीनच्या आत सेलू

आमच्याकडे मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा एकदा निघते, आणि बाप गेल्यावर दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी बँडबाजा असतो. दुसऱ्या वेळी रजिस्ट्री ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात, अंगठा घेतात, आणि वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण भावाच्या नावे राजीखुशीनं सोडला, असं लिहिलेल्या कागदावर सही घेतात. याला हक्कसोड म्हणतात. सही केली की माहेर शाबूत राहतं, असं प्रत्येक मुलीला न सांगता ठाऊक असतं. कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त सही न करणाऱ्या बहिणीला पुढच्या दिवाळीला कोणी बोलावत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्या सहीसाठी अकोल्याहून निघाले. वर्ध्याजवळच्या सेलूला, रजिस्ट्रीत तीन वाजताचा नंबर होता. शेत हिंगणीचं, धरणाच्या पाण्यावर भिजणारं, तिथं माझी आई भावाजवळ राहते. तिला ऐकू कमी येतं, फोनवर बोलता येत नाही, म्हणून समोर बसल्याशिवाय आमचं बोलणंच होत नाही. मला जमिनीचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही. होतं, चांगलं होतं. पण मनाशी सौदा पक्का केला होता: सही द्यायची आणि रात्री हिंगणीला आईच्या कुशीत झोपायचं. दोन दिवसांची रजा काढली होती. आईला दात नाहीत म्हणून रव्याचे मऊ लाडू करून डबा भरून घेतला होता.

गाडी पुलगावला येऊन जी बसली ती उठेचना. पुढं काहीतरी बिघडलं होतं, काय ते कोणी सांगत नव्हतं. साडेअकरा, बारा, सव्वाबारा. भावाचा फोन आला. त्याच्या घरून सेलू अर्ध्या तासावर, दारात चारचाकी उभी, पण मला घ्यायला वर्ध्याला येणं त्याला सुचलं नव्हतं.

"तुले सांगतलं होतं ना, आदल्या दिवशी ये म्हनून? साक्षीदार कामधंदा सोडून बसून राह्यले. नंबर गेला तर पाहाय मंग!"

मी हो-हो म्हणत फोन ठेवला आणि मला रडू आलं. पन्नाशीची बाई, शाळेच्या ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारी, रेल्वेच्या डब्यात नाक पुसत बसले होते.

समोर एक बाई बसली होती, हिरवं लुगडं, मांडीवर पोळ्यांचं फडकं. "काय झालं वो बाई?" तिनं विचारलं.

"भावाकडं चालले," मी म्हणाले. "तीनच्या आत पोचायला पाहिजे. नाही तर..."

तिनं एक सुस्कारा टाकला आणि वाक्य स्वतःच पूर्ण केलं. भावासाठी बहीण इतकी रडते म्हणजे भाऊ शेवटच्या घटका मोजत असणार, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी तेव्हाच खुलासा करायला हवा होता. नाही केला. कागदावर सही द्यायला चाललेय म्हणून रडतेय, हे सांगायची मला लाज वाटली.

मग ती बाई पेटलीच. माझी बॅग तिनं उचलली, डबा माझ्या हातात दिला, मला गाडीतून उतरवलं आणि उन्हातून पुलगावच्या बसस्टॅन्डवर चालवत नेलं. तिला स्वतःला वर्ध्याच्याही पुढं जायचं होतं, तरी गाडी सोडली. वर्ध्याची एसटी सुटत होती. तिनं कंडक्टरला गाठलं. "भाऊ, या बाईचा भाऊ लय सिरीयस हाय. तीन वाजेपर्यंत सेलूले पोचवा लागते." कंडक्टरनं ड्रायव्हरच्या कानात सांगितलं. ड्रायव्हरनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. पुढच्या सीटवरचे दोघं उठले, आम्हाला बसवलं. वाटेत हात दाखवणाऱ्यांसाठी गाडी थांबली की माणसं धावत चढत, आणि बसमधला कोणीतरी ओरडे, "लवकर चढा ना बे, इथं एक बाई अडचणीत हाय!" तिनं मला पोळी खाऊ घातली. मी अर्धी परत करायला लागले, तर म्हणाली, "खाय माय, तुलेच तर उभं राहा लागन." मी खाल्ली. खोटेपणाची पोळी, पण चव अजून आठवते.

वर्ध्याला उतरल्यावर तिनंच एक ऑटोवाला ठरवला, त्याला सगळी हकिकत सांगितली, माझा फोन नंबर घेतला आणि ऑटोच्या मागं हात हलवत उभी राहिली. तिचं नाव विचारायचं मला भान राहिलं नाही.

ऑटोवाल्यानं वाटेत एकही सवारी घेतली नाही. सेलू आलं तसा तो सरकारी दवाखान्याकडं वळायला लागला.

"दवाखान्यात नाही," मी म्हणाले. "रजिस्ट्रीला."

त्यानं ऑटो हळू केला. आरशात माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा मला इथंच उतरवणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नव्हते.

"हक्कसोड का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"माह्या बहिनीनंबी देल्ली," तो म्हणाला. आवाजात शरम नव्हती, अभिमानही नव्हता. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं म्हणाला. "काई बोलली नाई बिचारी." मग ऑटो परत जोरात पिटाळला. "चला, तीनले दहा कमी हायेत. नंबर जाईन."

नंबर गेला नाही. आतल्या साहेबानं विचारलं, राजीखुशीनं सोडता ना? मी हो म्हणाले. फोटो काढला. त्यात माझे डोळे सुजलेले आहेत, तो कागद भावाच्या कपाटात आहे. बाहेर आल्यावर भावानं प्लॅस्टिकच्या पिशवीतली साडी माझ्या हातावर ठेवली. सही दिल्यावर बहिणीला साडीचोळी करायची पद्धत आहे. चोळी राहून गेली होती.

"चल मग," मी म्हणाले. "आई वाट पाहत असेल."

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. "आज काऊन येतं? घरी तुह्या वहिनीच्या माहेरचे लोक उतरले हायेत. अन् गाडीत जागाबी नाई, साक्षीदार हायेत. नंतर येजो आरामानं. पाचची गाडी सापडंल तुले वर्ध्याची."

मी डबा पुढं केला. "आईला दे. मऊ आहेत म्हणावं."

त्यानं डबा घेतला, गाडीकडं गेला. फाटकाशी एक म्हातारी उभी होती, निराधार पेन्शनच्या कागदासाठी आलेली असावी, हातात पिशवी, पायात चप्पल नाही. "हिंगणीकडं जाता का रे बाबू?" तिनं विचारलं.

"हिंगणीलेच चाललो ना माय," माझा भाऊ म्हणाला. "ये, बस." त्यानं दार उघडलं, मागच्या दोन साक्षीदारांना सरकवलं, म्हातारीचा दंड धरून तिला आत बसवलं, आणि लाडवांचा डबा तिच्या मांडीवर ठेवून दिला, सांभाळ म्हणून. हा आवाज मी ओळखते. लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा तो मला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला होता, तेव्हा असाच बोलत होता. माझा भाऊ वाईट माणूस नाही. रस्त्यावर कोणाचीही अडचण त्याला बघवत नाही.

सही करून मी परकी झाले होते. पण गाडीत बसवावं इतकी परकी अजून झाले नव्हते.

गाडी गेली. मी साडीची पिशवी घेऊन बसस्टॅन्डवर येऊन उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला. पुलगावची ती हिरव्या लुगड्यातली बाई होती.

"पोचली का वो बाई? भाऊ कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणाले. "एकदम ठणठणीत आहे."

"देव पावला माय! मी तवापासून धावा करून राह्यली होती." ती खरंच रडत होती. "आता कुठी जाऊ नको. आजची रात त्याच्यापाशीच राह्यजो."

मी बरं म्हणाले आणि वर्ध्याच्या गाडीला हात केला.