पेन्सिलीची फुली

भूमध्य समुद्रावर जाऊन मी चुकीची बोट निवडली. एवढंच. हसू आलं ना? येऊ द्या. पण ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही — मुलाला नाही, सुनेला नाही, भिशीतल्या एकीलासुद्धा नाही, आणि भिशीत आम्ही एकमेकींना काय काय सांगतो ते तुम्हाला ठाऊक नाही म्हणून बरं. न सांगण्याचं कारण असं, की ती बोट माझ्याकडून चुकली नव्हती. मी ती ठरवून चुकवली होती.

मग आत्ताच कशाला तोंड उघडलं? गेल्या रविवारी माझी नात सई मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली. मैत्रिणींबरोबर ग्रीसला चालली आहे. "आजी, बेसिकली तीन ऑप्शन्स आहेत," म्हणाली, आणि तिने मला तीन बोटी दाखवल्या. एक तीन मजली — जेवण, गाणी, एका दिवसात तीन बेटं. एक काचेच्या तळाची — आत बसून मासे बघायचे, आपण कोरडे. आणि एक लहान, लाकडी, शिडाची. जेमतेम बारा माणसं मावणार. ती शांत जागा बघून नांगर टाकते आणि ज्याला हवं त्याने पाण्यात उडी मारायची.

"तू गेलीयस ना, मग सांग. छोटी रिस्की असते का गं? आजोबासुद्धा घाबरले होते ना?"

आजोबा घाबरले होते.

माझं डोकं असं तापलं म्हणता — पण तापून कोणावर ओरडणार? पोरीवर? तिने बापाकडून ऐकलं तेच ती म्हणाली. आणि तिच्या बापाने कोणाकडून ऐकलं? — थांबा जरा. तिथवर येते. एकदम नाही जमायचं.

आधी हे कोण होते ते सांगते. हे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तपासणी विभागात. आमचा सगळा संसार तिथल्या क्वार्टर्समध्ये झाला. पोहायला शिकले ते लहानपणी नदीत, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यांच्यासारखा मुटका अख्ख्या खडकीत कोणी मारत नसे. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घट्ट धरून पाण्यात असं पडायचं, की काठावरची माणसं भिजलीच पाहिजेत. पुढे नदीचं काय झालं ते तुम्ही पुण्याचे असाल तर सांगायला नको. पोहायचं सोडाच, पूल ओलांडतानासुद्धा नाकाला रुमाल लागायला लागला. कोकणात दोनदा गेलो, तर दोन्ही वेळा हे गुडघाभर पाण्यात शिरले आणि मी काठावरून एवढ्या हाका मारल्या, की बिचारे परत आले.

मग आमच्या मिलिंदला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. खराडीला तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. तिकडेच त्याने फ्लॅट घेतला आणि आम्हाला घेऊन गेला. आणि मी — मी साठीची बाई, म्हणजे अक्कल यायची अजून बाकी होती — मी महिन्याभरात 'क्वार्टर्स' हा शब्द टाकून दिला. सोसायटीत कोणी विचारलं तर म्हणायची, "आम्ही पूर्वी कॅन्टोन्मेंट साइडला राहायचो." साइडला. जसा काही बंगला होता आणि दारात माळी. आज ती तेव्हाची मी मला लिफ्टमध्ये भेटली ना, तर तिला मी सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने पाठवीन.

मिलिंदने आम्हाला परदेशची सहल दिली. पुण्यातल्याच एका कंपनीची. सगळी मराठी माणसं, गळ्यात नावाचे बिल्ले, बॅगेत चिवडा. सहलीच्या माहितीपत्रकात एक फोटो होता: लहानशी लाकडी बोट, आणि पाणी इतकं नितळ, की बोट हवेत तरंगते आहे असं वाटावं. खाली तळावर तिची सावली. ह्यांनी तो फोटो कापून दैनंदिनीत ठेवला. मला म्हणाले, "आपण पोहतोय आणि आपलीच सावली खाली तळावरून पोहतेय. बघायला हवं गं एकदा." ह्या माणसाने उभ्या जन्मात माझ्याकडे 'हवं' म्हणून दोन-चार गोष्टी मागितल्या असतील. खडकी बाजारातल्या शिंप्याकडून निळ्या पट्ट्यांची, नाडी घातलेली पोहायची चड्डी शिवून घेतली. तयार का नाही घेत म्हटलं, तर म्हणाले, त्या मांडीला चिकटतात.

आता ती दुसरी बाई. आमच्याच सहलीत मिलिंदच्या साहेबांच्या सासूबाई होत्या, मालतीबाई. डेक्कनवर बंगला. बोलणं हळू आणि नेमकं. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या मागे-मागे. त्यांनी गॉगल लावला की मी लावायची. त्यांनी कॉफी कडू घेतली म्हणून मीही कडू घेतली — मी, जिच्या चहात चमचा उभा राहतो.

बेटावरच्या हॉटेलात पोहोचलो त्या दुपारी टूर मॅनेजर मुलगी खोल्यांच्या किल्ल्या आणायला गेली होती. मी आणि मालतीबाई पोहण्याच्या तलावाशी गॉगल लावून बसलो होतो. आणि हे तलावाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीतून आले. निळ्या पट्ट्यांची चड्डी, बाहेर लोंबणारी नाडी, सुटलेलं पोट. तीन पावलं धावले आणि मुटका मारला. एका गोऱ्या बाईचं पुस्तक भिजलं. तिने हसून टाळ्या वाजवल्या, बरं का. मालतीबाईंनी नाही वाजवल्या. गॉगलवरचं पाणी पुसत म्हणाल्या, "तुमचे मिस्टर अगदी मोकळे आहेत हं."

मोकळे. एका शब्दात मी डेक्कनवरून उचलून परत खडकीच्या नळावर. काय चुकलं होतं हो त्या माणसाचं? पाण्यात उडी मारली. तलाव कशासाठी असतो? पण मला तेव्हा असं वाटलं का? मला वाटलं, उद्या लहान बोटीवर बारा माणसांत ह्या चड्डीसमोर मला आणि मालतीबाईंना दिवसभर बसायचं आहे. कारण मालतीबाईंनी लहान बोटच घ्यायचं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी फॉर्म आले. दुसऱ्या दिवशी कोणाला कोणती बोट ते ठरवायचं होतं. आणि लहान बोटीसाठी एकच प्रश्न ठळक अक्षरांत: पोहता येतं का? हो किंवा नाही.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कागद मी भरायची. रेशनकार्ड, गॅस, मिलिंदचा शाळाप्रवेश, ह्यांच्या पेन्शनीचा अर्ज — सगळं. माझं अक्षर चांगलं म्हणून. मी भरायचं, सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायची, आणि ह्यांनी फुलीवर सही करायची. सही झाली की फुली खोडरबराने पुसायची, हे मात्र त्यांचं काम. "कागदावर घाण नको" म्हणायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. भरवसा म्हणा. मी तर त्याला आळस म्हणायची, चारचौघींत.

हे अंघोळीला गेले होते. मी 'नाही'वर खूण केली. मोठी बोट लिहिली, दोघांसाठी. खाली फुली मारली. पेन अडखळलं का? नाही. खोटं कशाला सांगू, आता सगळंच सांगते आहे तर. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

हे अंगाला टॉवेल गुंडाळून आले, फॉर्म घेतला आणि बाल्कनीत गेले — समुद्र बघायला, मला वाटलं. दोन मिनिटांनी आत आले. सही झाली होती. फुली पुसलेली होती.

सकाळी हॉटेलच्या दारात टूर मॅनेजर मुलीने यादी वाचली. "काका, तुम्हाला पोहता येत नाही ना, तुम्ही आणि काकू मोठ्या बोटीवर." मालतीबाईंनी भुवई उचलली. "येत नाही? मला वाटलं..." मी घाईघाईने म्हटलं, "तलावापुरतं हो. समुद्राला वयाची अट असते." दुसरं खोटं. आणि हे? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. चढले बोटीवर.

ती मोठी बोट कशी होती सांगू? आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलला पाण्यात सोडलं तर जसा दिसेल तशी. गाणी, जेवणाची रांग, रांगेत धक्काबुक्की, प्रत्येक बेटावर चाळीस मिनिटं आणि मग भोंगा. दुपारी तिने एका खडकाशी थांबा घेतला. पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, ती लहान बोट नांगर टाकून उभी होती. माणसं उड्या मारत होती. पाणी फोटोतल्यासारखंच. किंबहुना जास्तच. हे कठड्याशी उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी दोन पेले सरबत घेऊन गेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या तांबड्या चड्डीवाल्याचे पाय सुटतायत बघ. पोटाशी धरायला हवेत." सरबत हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं, भोंगा होईपर्यंत.

संध्याकाळी खोलीत त्यांनी पँट काढली. आत निळ्या पट्ट्यांची चड्डी होती. दिवसभर अंगावर घालून बसले होते. कोरडी ठणठणीत. मी ती घडी करून बॅगेत टाकली. त्या वेळी तरी बोलायचं की नाही? तोंड शिवलं होतं का माझं? नव्हतं. मालतीबाईंशी जेवणाच्या टेबलावर तासभर बोललेच की.

आणि मग तिसरं खोटं. ते सांगायलाच मी एवढी वळणं घेतली. मिलिंदचा फोन आला. पहिलाच प्रश्न: "आई, बाबा पोहले का? केवढं मनात होतं त्यांच्या." ह्यांच्यासमोर, पलंगावर बसून, मी हसून म्हटलं, "अरे कसलं काय. ऐनवेळी कच खाल्ली त्यांनी. एवढं पाणी बघून घाबरले."

हे समोरच होते. पायाला खोबरेल लावत होते. लावत राहिले.

झालं. घराला एक विनोद मिळाला. दिवाळीला, वाढदिवसाला, पाहुणे आले की मिलिंद सुरू: आमचे बाबा म्हणजे खडकीचे पट्टीचे पोहणारे, पण भूमध्य समुद्र बघून मोठ्या बोटीत जाऊन बसले. सगळे हसायचे. हेही हसायचे. मीही. सूनबाईने तर एकदा त्यांना वाढदिवसाला हवेने फुगवायची रबरी ट्यूब आणून दिली, बदकाच्या तोंडाची. हे तिच्यात शिरून हॉलभर फिरले. लोकांनी फोटो काढले. ते गेल्यावर दहाव्याला कोणीतरी हीच गोष्ट सांगितली, वातावरण हलकं करायला. आणि मी पदर तोंडाला लावून बसले. लोकांना वाटलं, रडते आहे.

बारूद हाताळणारा माणूस तो. आणि भित्रा म्हणून गेला, माझ्या तोंडच्या एका वाक्यामुळे. मालतीबाई म्हणाल तर सहलीनंतर मला एकदाही भेटल्या नाहीत.

रविवारी सईला मी एवढंच म्हटलं, "छोटी घे." पुढचं तिला सांगणार आहे, हे लिहून झालं की तिच्याच हातात देणार आहे.

एकच राहिलं. हे असताना एकदा मी बोलायला गेले होते. जेवायला आलेली माणसं दुपारी पांगली होती. तो बोटीचा किस्सा पुन्हा एकदा झाला होता. आम्ही दोघं गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. खाली सोसायटीच्या तलावात शिकवणी चालली होती, टोप्या घातलेली पोरं काठ धरून पाय मारत होती. मी मान वर न करता म्हटलं, "अहो, त्या बोटीच्या फॉर्मवर मी काय लिहिलं होतं, ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत. नेहमीसारखी न वाचता सही केलीत."

ह्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. दाणे माझ्या ताटात टाकले. आणि म्हणाले,

"अगं, मी दारूगोळ्यावर सह्या करायचो. न वाचता सही करणारा माणूस तिथून धड हातापायांनी पेन्शनीत निघत नसतो."