सगुणाबाईंचं तिरकं वायरिंग

सगुणाबाई डोळे मिटून आमच्या कामावर लक्ष ठेवायच्या. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे तयार होतात. वायरचं टोक कनेक्टरच्या भोकात ढकलायचं, ते आत बसल्याचा टक् आवाज ऐकायचा आणि मग हलकेच ओढून बघायचं. ढकल, ऐक, ओढ. एवढ्या गोंगाटात एखादीचं टक् राहिलं, तर सगुणाबाई डोळे न उघडता म्हणायच्या, "कुणाची गं ती? लगीन लागलं न्हाई अन् वरात काढलीस व्हय?"

त्या जवळच्याच निघोजे गावच्या, आमच्या लाइनच्या लीडर. त्यांची हाक शेजारच्या शिवारात पोचेल अशी. मी थेरगावची, आणि माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बाकी समदी गाडी ठीक हाय, हॉर्नची वायर तेवढी जोडायची राहिलीया." तेव्हापासून लाइनवर मी हॉर्न झाले. "ए हॉर्न, टेप आण."

एके सकाळी जुडगे बांधायच्या बोर्डासमोर उभ्या असताना त्यांच्या उजव्या हातातली, वायरींवर गुंडाळायची टेप खाली पडली. उचलायला गेल्या तर हात उठेना आणि तोंडही एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यात कळलं, लकवा. डोक्याच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती.

बोलणं आठवड्याभरात ताळ्यावर आलं. हाताच्या आधी जीभ सुधारली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असायचा.

"हात चांगलाच आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. डाव्या मेंदूच्या तारा उजव्या अंगाला जातात."

"आन् उजव्याच्या डावीकडं?"

"हो."

"तिरकं वायरिंग! कुणी काढलं हे ड्रॉइंग? माझ्या लाइनला आलं असतं तर परत धाडलं असतं."

घरी सून सुनीता त्यांना चमच्याने भरवायची. ते त्यांना लकव्यापेक्षा जास्त लागायचं. डावा हात धड होता, पण डाव्या हाताने त्या जेवत नसत. "उजव्या हातानं भाकर मोडून खाईन, तवाच मी माणसात आले म्हणायचं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आम्हाला गुरुवारी सुट्टी असते. एका गुरुवारी त्यांच्याकडे गेले, तर दारात ही गर्दी. सुनीता रडत होती आणि शेजारची एक म्हातारी हातात लिंबू घेऊन पुटपुटत होती. खाटेवर सगुणाबाई बसलेल्या. डाव्या कानशिलावर लाल टेप, उजव्या मनगटावर लाल टेप. उजव्या कानशिलावर पिवळी, डाव्या मनगटावर पिवळी.

"आत्याबाईंवर कुणीतरी करणी केली गं," सुनीता मला म्हणाली.

"करणी न्हाई, मार्किंग हाय!" सगुणाबाई कडाडल्या. "कंची वायर कुठं जाती, त्ये त्या हाताला समजाय नको? आन् तुमी लिंबू आणलंच हाय, तर सरबत करा समद्यांना."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडम ती टेप बघून खूप हसल्या. मग म्हणाल्या, मेंदूचा जो भाग मेला तो परत जिवंत होत नाही. पण बाकीचा मेंदू दुसरी वाट काढू शकतो. मात्र हात रोज हलवायला हवा, आणि हलवताना लक्षही तिकडेच हवं.

"मंजी बायपास," सगुणाबाई म्हणाल्या आणि मला खुणेने जवळ बसवून घेतलं.

रोज सुनीता आणि गुरुवारी मी. त्यांचं एकेक बोट मी मिटायची, त्या डोळे मिटून कान देऊन बसायच्या, मग मी बोट उघडायची. ढकल, ऐक, ओढ. मधूनच त्या हाताला झापायच्या. "कामचोरा, बसून पगार खातोस! तुजी हजेरी मांडणार न्हाई मी." हात काही मनावर घेत नसे. बरेच गुरुवार असेच गेले. त्यांच्या शिव्याही कमी झाल्या, तेव्हा मला भीती वाटू लागली.

अशाच एका गुरुवारी, माझं लक्ष चुलीकडे असताना माझ्या दंडाला असा चिमटा बसला की माझा हात झटक्यात मागे आला आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. सुनीता उलथनं घेऊन धावत आली.

"बाईंनी चिमटा काढला!" मी म्हणाले.

"कुठल्या हातानं?" सुनीताने विचारलं.

मग आम्ही तिघी त्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. अंगठा आणि बोट अजून जुळलेलीच होती.

"हॉर्न वाजला," सगुणाबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण तोंड थांबेना. "आन् बघ, तुझा हात मागं सरला तवा डोक्याला इचारलं का त्यानं? न्हाई. पाठीच्या कण्यातच सुपरवायझर बसतो. चटका, चिमटा आसलं काही आलं की तो परस्पर ऑर्डर देतो, हेड ऑफिसला मागनं कळतं. मॅडमनीच सांगितलंय."

त्या दिवशी त्यांनी त्याच हाताने भाकरी मोडली. तुकडा मांडीवर पडला, पुन्हा पडला. सुनीता वाकणार तोच मी तिचा पदर धरला. तुकडा तोंडात गेल्यावर त्या बराच वेळ चावत राहिल्या.

कामावर त्या परत आल्या नाहीत. पुढे दुसरा झटका आला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. पण तोवर आपल्याच हाताने जेवल्या.

आजही भाकरी उलटताना तव्याला बोट लागतं. हात आधी मागे येतो, चटका त्याच्यानंतर कळतो, आणि चटक्याच्या मागोमाग सगुणाबाई येतात.