रिफ्रेश करा

मला बघायला आलेला मुलगा सोबत लॅपटॉप घेऊन आला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोहे यायच्या आधीच त्यानं विद्यापीठाच्या वेबसाइटचं घरूनच उघडून आणलेलं पान पुढं करून आपला निकाल दाखवला. प्रथम श्रेणी! बाबा हरखून गेले.

मी मात्र हिंगोलीच्या क्लासमध्ये वेब पेज बनवायला शिकलेली. पडद्यावर दिसतं ते पान म्हणजे सर्व्हरवरून आलेली नक्कल. आपल्या मशीनवर तिच्यातला कुठलाही शब्द बदलता येतो, मूळ पान तिकडं तसंच राहतं. पान पुन्हा मागवलं, की सोंग उतरतं.

"जरा रिफ्रेश करा," मी म्हटलं.

मुलाचा मामा भडकला. "काहून? आमच्यावर भरोसा न्हाई व्हय?"

माझंही डोकं फिरलं. "मामा, आमी हळदसुद्धा पोत्यात खोल हात घालून बघतो. वरची तर सगळेच निवडून ठेवतात."

मुलगा पुटपुटला, "इथं नेट न्हाई."

मी माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं आणि मोबाइल त्याच्यापुढं ठेवला.

तेव्हा मामाला एकाएकी त्यांच्या गावाकडची, गोरेगावची शेवटची जीप आठवली. लॅपटॉप मिटला, मंडळी उठली.

दारात त्यांची स्वतःची गाडी उभी होती.