दादाच्या हातच्या मोटारी

शाळेत खिचडी वाटून झाली होती आणि मी पोरांच्या ताटल्या गोळा करत होते, तेवढ्यात हेडमास्तरांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. पलीकडे माझ्या भावाच्या, मिलिंददादाच्या ऑफिसातला शिपाई होता. "ताई, मिलिंदभाऊ टेबलावर डोकं टेकून बसले व्हते. आमाला वाटलं डोळा लागला..." शिरड शहापूरहून वसमत ते कितीसं लांब, पण त्या दिवशी एसटी प्रत्येक फाट्यावर थांबली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की दादा टेबलावर गेला. ज्या टेबलावरून उठून जायचं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं थांबला होता, त्याच टेबलावर. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. ते गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा, आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्या वर्षाला, आणि मी बारा वर्षांची. घरात तिसरी फक्त आई. दादाला अनुकंपावर कारकून म्हणून घेतलं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत लिहायचं. गेलेल्या कागदाचंही तेच. कानस आणि पान्याची सवय असलेल्या हातात शिक्का आला. नोकरी देताना त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं होतं, की आईचा आणि बहिणीचा सांभाळ करीन, न केल्यास मला नोकरीवरून काढावं. आईने त्याची एक प्रत बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवली. मी ती गुपचूप काढून मैत्रिणींना वाचून दाखवायची... माझं नाव सरकारी कागदावर आलं होतं ना! खाली दादाची सही होती, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

मोटारींचं खूळ दादाच्या डोक्यात शिरलं ते ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीमुळे. तिची रिमोटवर चालणारी मोटार, कुणीतरी परदेशातून आणलेली, पुढे जायची, मागे यायची, पण वळायला तयार नव्हती. साहेबांनी ती सहज दादाच्या टेबलावर ठेवली. दादा ती घरी घेऊन आला आणि त्या रविवारी जेवायचंच विसरला. आतलं नखाएवढं दात्यांचं चाक तुटलं होतं. त्याने जुन्या टेपरेकॉर्डरमधलं एक चाक काढलं आणि कानशीने घासून घासून तिथं बसवलं. संध्याकाळी ती मोटार आमच्या ओट्यासमोर गर्रकन वळली आणि दादा मोठ्याने हसला. बाबा गेल्यापासून तो असा हसला नव्हता. काय झालं म्हणून आई पिठाच्या हातानेच बाहेर धावत आली.

मग त्याने स्वतःच्या मोटारी बनवायला घेतल्या. मोटर आणि रिमोटचं सर्किट तेवढं नांदेडहून, बिघडलेल्या खेळण्यांमधून. बाकी सगळं वसमतचं. आसाला सायकलच्या तारा, टायरला पकड यावी म्हणून ट्यूबचे काप, स्प्रिंगा बॉलपेनातल्या. धक्के सोसायला तो प्लास्टिकच्या सिरिंजा आणायचा आणि त्यात शिलाई मशीनचं तेल भरायचा. "तेल पातळ असलं की गाडी नाचते बघ, अन् घट्ट असलं की आपटते. बराबर पाहिजे," हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. हळदीचा हंगाम संपला की वाळवणाच्या मोकळ्या जागेत विटा मांडून तो वळणं तयार करायचा आणि त्यांतून मोटार पळवायचा. हळदीची भुकटी गिअरमध्ये जायची, ग्रीस पिवळं व्हायचं, दादाचे हात, पॅन्ट, कानसुद्धा पिवळे. आई म्हणायची, "नवरदेवावानी पिवळा होऊन येतो, अन् लगीन काई करत न्हाई."

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, ही करामत त्याने ऑफिसच्या जीपखाली आडवं होऊन, ड्रायव्हरला चहा पाजून समजून घेतली होती. तसलंच काहीतरी त्याला तळहाताएवढ्या मोटारीत बसवायचं होतं. सहा-सात महिने खपला. पहिल्यांदा जोडून चालवली तेव्हा एक चाक पुढे फिरलं आणि दुसरं मागे, आणि मोटार जागच्या जागी गरगरत राहिली. आम्ही दोघं ओट्यावर बसून बघत होतो. "इला आमच्या ऑफिसात नोकरी लागली वाटतं," दादा म्हणाला. मी पोट धरून हसले. तोही हसला, पण माझ्याआधी थांबला.

रिमोटचा एक भाग नांदेडला मिळेना म्हणून तो एकदा हैदराबादला गेला, मोटार कापडी पिशवीत घालून. तिथे हमीदचाचांचं दुकान होतं. हौशी लोकांच्या असल्या मोटारी ते विकायचे आणि दुरुस्त करायचे. चाचांनी दादाची मोटार उघडली, आतल्या सिरिंजा पाहिल्या आणि दुकानातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. "ये सुई किसने डाली मियाँ?" दादाने स्वतःकडे बोट दाखवलं. "इधरीच रह जाओ. दफ्तर-विफ्तर नक्को," चाचा म्हणाले. दादा घरी आला तो तीन दिवस नुसता बोलत होता. आमच्या घरात एवढं कुणी कधी बोललं नव्हतं. पुढच्या महिन्यात चाचांचं पत्रच आलं, की कामाला ये, वरची खोली राहायला देतो. दादाने सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला आणि तो घेऊन आमच्यासमोर बसला.

"काहून जातो रे बाबा?" आई म्हणाली. "इथं काय तकलीफ हाय तुला? खेळण्यापायी सरकारी नोकरी सोडतो काय?" दादा म्हणाला, "सोडत न्हाई माय, सहा महिने पाहून येतो." आई उठली, फोटोमागचा तो स्टॅम्पपेपर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. दादाने कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू शिकून राहिलीस. तू म्हण, जाऊ का?"

मी तेव्हा डीएडच्या शेवटच्या वर्षाला होते. मला 'जा' एवढंच म्हणायचं होतं. त्याला काय ऐकायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मला भीती वाटली. वसतिगृह सुटेल, शिक्षण सुटेल, आईला घेऊन मी काय करू... "माझी परीक्षा होऊ दे ना दादा, मग जा," मी म्हणाले.

"व्हय. काय घाई हाय," तो म्हणाला, अर्जाची घडी केली आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला निघून गेला.

परीक्षा झाली. मग मी म्हणाले, नोकरीची ऑर्डर हातात येऊ दे. ऑर्डर आली, तर माझं लग्न ठरत होतं. लग्नानंतर आईला अर्धांगवायू झाला. माझं लेकरू लहान, सासर शिरडला. मी म्हणाले, आई जरा उठून बसू दे. आई उठून बसायला लागली तोवर दादाने विचारायचं सोडून दिलं होतं. त्याला स्थळं आली, तीही त्याने आईचं कारण सांगून परत पाठवली. ऑफिस, आईची औषधं, आणि संध्याकाळी तासभर मोटारी. मी कधीच त्याला जाऊ नको म्हटलं नाही, असं मी स्वतःला बजावत आले. अगदी खरं आहे ते. मी दर वेळी फक्त 'थोडं थांब' म्हटलं. एसटीत मला आलेला राग माझाच होता, हे आता सांगून टाकते. वर्षातून चार दिवस, मे महिन्यात, तो ऑडिटच्या कामाला म्हणून बाहेरगावी जायचा. तेव्हा आईजवळ मी येऊन राहायची, आणि त्यावरही कुरकुर करायची. "तुझ्या ऑडिटला दुसरं कुणी न्हाई का रे?" तो हसून पिशवी उचलायचा.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्याच्या डायरीत हमीदचाचांचा नंबर दिसला. जुनी ओळख, कळवावं, म्हणून फोन केला. चाचा म्हणाले, "मई में आने वाले थे ना... हर साल के जैसे." मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ते म्हणाले, "कैसा घोटाला बेटी? चार दिन पूरे. हर साल."

मी शाळेत रजा टाकली, आईला शिरडला सासरच्यांजवळ ठेवलं आणि हैदराबादला गेले.

दुकानाच्या माडीवर खिडकीपाशी एक टेबल होतं. त्यावर कानशी लहानमोठ्या क्रमाने मांडलेल्या, डबीत स्प्रिंगा, अर्धी जोडलेली एक मोटार, खिळ्याला दादाचा जुना निळा शर्ट. मी विचारलं, "आमची तक्रार करायचा का?" चाचांना प्रश्नच कळेना. "शिकायत? कायकू? बोलते थे, बहन का इम्तिहान हो जाने दो चाचा, फिर आतूं. फिर बोले, शादी हो जाने दो. बहन टीचर बन गई बोल के मिठाई लाए थे ना, पूरी दुकान को." मी टेबलापुढच्या दादाच्या स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. घरी, सगळ्यांसमोर, मला तसं रडता आलं नव्हतं.

चाचा जिन्यात थांबून होते. नंतर संकोचून म्हणाले, एक नवा कारागीर येणार आहे, टेबल त्याला देऊ का? मी म्हटलं, द्या. दादाचं सामान मी माझ्या हाताने पिशवीत भरत गेले. शेवटी राहिला तो लोखंडी व्हाइस, काम करताना वस्तू घट्ट धरून ठेवायचा. तो हलेना. वाकून टेबलाखाली पाहिलं, तर दादाने फळी आरपार भोकं पाडून त्याला चार जाड बोल्ट लावले होते आणि प्रत्येकाला एकावर एक दोन नट, कधीच ढिले पडू नयेत म्हणून. "पहले साल आए, उसीच दिन बिठाए," चाचा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाना मागितला, गुडघ्यांवर बसून एक नट अर्धा फेरा सैल केला... आणि होता तसा परत आवळून ठेवला.