बत्तीसशेची मेमरी

आमच्या घरात पंखा कधी पाचवर गेला नाही. जबलपूरचा मे महिना, भिंतीला हात लावला तरी चटका बसावा, आणि पंखा तीनवर. बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये होते. मशीनवर ठोकलेल्या पाटीतल्या आकड्याच्या वर मशीन गेलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. घरच्या पंख्याला पाटी नव्हती, म्हणून त्याची मर्यादा त्यांनी स्वतःच ठरवून टाकली होती.

अशा घरात मी कॉम्प्युटर जुळवला. लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचं काम मिळू लागलं होतं. सगळे भाग निवडून दिले माझ्या मित्राने. तो जबलपुरातल्याच महाराजपूर भागातला, शाळेपासूनचा, आमच्यासारखाच मराठी घरातला, आणि या बाबतीत माझ्यापेक्षा फार हुशार. मेमरीवरून मात्र आमचं वाजलं. तेवढ्याच पैशात चोवीसशे स्पीडची जास्त मेमरी येत होती आणि हा बत्तीसशेच्या दोन स्टिकवर अडून बसलेला.

"प्रोसेसर चोवीसशेचाच आहे, मान्य," तो म्हणाला. "पण मदरबोर्ड स्पीड वर न्यायला तयार आहे, तर आपण काहून थांबायचं? अन् उद्या प्रोसेसर बदलला तरी हीच मेमरी कामी येते. दोन स्लॉट रिकामे ठेव. पुढच्या साली अशाच अजून दोन टाकून देऊ."

पुढच्या साली एडिटिंगचा धंदा दोघांनी मिळून करायचा, असंही आमचं ठरत आलं होतं. मी ऐकलं.

कॉम्प्युटर चालू होताना त्याने डिलीटची कळ दाबली, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पानावर, जाऊन एक सेटिंग बदललं आणि पडद्यावर बत्तीसशेचा आकडा दाखवला. बाबा हात मागे बांधून उभे होते.

"कंपनीनं चोवीसशे लिहिलं, तर बत्तीसशेवर काहून पळवून राहिले तुम्ही?"

मला लाज वाटली. त्याला नाही वाटली. कोणती कळ, कुठलं सेटिंग, सगळं त्याने त्यांना शांतपणे समजावलं.

उन्हाळ्यात मित्र कॉम्प्युटर धूळ काढायला दोन दिवस घरी घेऊन गेला. परत आणून दिल्यावर आठवड्याभराने व्हिडिओ अडखळू लागले. मी स्पीड पाहिला, चोवीसशे. कॉम्प्युटरचा डबा उघडला. स्टिकवर बत्तीसशेचंच स्टिकर होतं, पण स्टिकर काय, बाजारात कुठेही छापून मिळतं. महिन्याभरापूर्वीच त्याने स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझं डोकं फिरलं.

त्याला घरी बोलावलं. बाबा लोणच्याच्या कैऱ्या कापत बसले होते, सगळ्या फोडी एका मापाच्या.

"माझी मेमरी बदलली तू," मी म्हणालो.

"एकदा बायोस तर उघडून पाहा, यार."

"माल बदलून आता बायोस शिकवून राहिला मला?"

तो बराच वेळ बाबांकडे पाहत राहिला. बाबांनी कैरीवरून मान वर केली नाही.

"काका, येतो मी."

"हो बेटा."

तो गेला तो गेलाच. मी बायोस उघडला नाही, चोराचा सल्ला कशाला ऐकायचा? आधारताल भागात जाताना महाराजपूरचा रस्ता टाळू लागलो. कोणी त्याचं नाव काढलं की विश्वासघातकी म्हणायचो, तेही मोठ्याने. ते दोन स्लॉट रिकामेच राहिले.

गेल्या वर्षी, कितीतरी वर्षांनी, नवा कॉम्प्युटर घेतला. बाबा तसेच हात मागे बांधून उभे राहिले.

"याचं पण कमी करून देऊ का? मागच्यासारखं?"

"मागच्या कशाचं?"

"मेमरीचं. डिलीट दाबून. त्या उन्हाळ्यात डबा फार तापत होता ना."

गॅस बंद केल्याचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. त्या दिवशी बोलला काहून नाहीत, मी विचारलं. त्यांनी विचार केला. ते उत्तर कधी घाईने देत नाहीत.

"बोललो असतो तर तू पुन्हा वाढवलं असतं."

आयुष्यभर ज्या माणसाने खोटा माल पास केला नाही, त्याने आपल्या डोळ्यांसमोर खोटा आरोप पास होऊ दिला, एक डबा गार राहावा म्हणून. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

मित्र आता नागपूरला असतो. नंबर मिळवून फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं.

"मला तेव्हाच समजलं होतं," तो म्हणाला. "परत कमी कसं करायचं, ते काकांनी मलाच विचारून ठेवलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या घरात उभं राहून तुझ्या बापाचं नाव घेऊ?" तो म्हणाला. "मी पाहिलं होतं त्यांच्याकडे. वाटलं, काका बोलतील."