काजळखोऱ्याच्या डॉक्टर

“थोडं दुखेल. खोटं कशाला सांगू?”

हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यांच्या खुर्चीत आडवा होतो आणि माझ्या दाढेचं रूट कॅनॉल चाललं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं ते बाहेरच्या वेटिंग रूममध्ये, रविवारी दुपारी. तेव्हा माझ्या हातात गंजलेला भाला होता. म्हणजे खेळात.

बिबवेवाडीत एका बेकरीच्या वर त्यांचा दवाखाना. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कायम कपाळावर. तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर एवढंच म्हणाला असतात, की बाई जरा तुसड्या दिसतात. पण रविवारी रुग्ण नसले की त्या वेटिंग रूमची दोन बाकं समोरासमोर ओढायच्या, मध्ये स्टुलावर हत्यारं ठेवायचा स्टीलचा ट्रे मांडायच्या आणि त्यात वीस बाजूंचा एक फासा टाकायच्या.

खेळाची रीत सोपी होती. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं हे तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. बाकी सगळं जग, त्यातली माणसं, हवा, भूक, डॉक्टरांच्या तोंडून यायचं. त्या जगाचं नाव त्यांनी ठेवलं होतं काजळखोरं. तिथं आभाळ बारमाही राखाडी. पीक जेमतेम, राजा पळून गेलेला, देव नवसाला पावत नाहीत. जादू जवळजवळ नाहीच. गावात एक दिवेकरीण तेवढी मंत्र म्हणू शकते, पण प्रत्येक मंत्रापायी तिची एक आठवण कायमची पुसली जाते.

माझं पहिलं पात्र भाला उगारायच्या आधीच विहिरीचं पाणी पिऊन तापानं मेलं. मी कुरकुरलो.

“उकळून प्यायला कुणी मनाई केली होती?” डॉक्टर म्हणाल्या आणि शांतपणे चहा प्यायल्या.

आम्ही तिघं नेहमीचे. ऋता आयटीतली, दिवेकरीण तिची. सलीमभाईंचं खडकी बाजारात रंगांचं दुकान. बायकोची कवळी बसवायला आले आणि आमची आरडाओरड ऐकून, “हे काय, नाटक बसवताय का?” असं विचारत बाकावर टेकले, ते टेकलेच. त्यांनी गावाच्या वेशीवरचा म्हातारा राखणदार घेतला. तो गुडघेदुखीनं बेजार होता, पण मरत मात्र नव्हता.

एकदा ऋता वैतागून म्हणाली, “डॉक्टर, इथे कधी कुणी जिंकतं तरी का?”

“जिंकता येतं. पण मी जिंकवणार नाही.”

मग डॉक्टरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, ती साधी होती, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. आवाज परत येईलही, नाही येणारही, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. त्यांनी आम्हाला मेसेज केला, “खेळ बंद. माफ करा.”

रविवारी आम्ही तिघंही, आपापसात काही न ठरवता, दवाखान्याच्या जिन्यात भेटलो. डॉक्टर आत एकट्याच बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान हलवली आणि गळ्याकडे बोट दाखवलं. त्या काहीतरी म्हणाल्या, पण वर पंखा घरघरत होता, खाली रिक्षांचे हॉर्न. काही कळेना.

सलीमभाई पुढे झाले. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. एप्रिल होता. मिनिटभरात आम्ही घामानं निथळायला लागलो.

“आता बोला बाई,” ते म्हणाले. “आम्ही ऐकतो.”

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

तुम्हाला सांगतो, काजळखोरं इतकं खरं मला आधी कधीच वाटलं नव्हतं. पूर्वी आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचो. आता तिघांची डोकी ट्रेवर झुकलेली. त्या कुजबुजीत बर्फाची थंडी यायची, लांबून येणाऱ्या घोड्यांच्या टापा यायच्या. घाम पुसत पुसत आम्ही गारठायचो.

गोष्टीचा शेवटचा रविवार आला. लुटारूंची टोळी गावाच्या पुलावर चढली होती. राखणदारानं पुलाचा शेवटचा दोर तोडला तर गाव वाचणार. पण थंडीनं त्याच्या हातात कुऱ्हाड ठरत नव्हती. ऋताच्या दिवेकरणीनं तिच्याकडे उरलेली एकच आठवण, आईचा चेहरा, मंत्रात जाळली आणि त्याचे हात गरम केले.

“सतरा किंवा वर,” डॉक्टर कुजबुजल्या. “नाहीतर काजळखोरं संपलं.”

सलीमभाईंनी फासा टाकला. तो ट्रेच्या कडेवर आपटला, उडाला आणि बाकाखाली गेला. ऋतानं मोबाइलचा उजेड पाडला.

“वीस! वीस पडलेत!”

आम्ही उड्याच मारल्या. डॉक्टरांनी मान हलवली.

“जमिनीवरचा धरत नाही.”

“डॉक्टर, सिरियसली? वीस आहेत!”

“ट्रेमध्ये आहेत का?”

ऋता रडकुंडीला आली. मी तावातावानं भांडायला उठलो. सलीमभाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

“बसा साहेब. बाईंचं बरोबर आहे. जिंकायचं तर कायद्यात.”

त्यांनी फासा पुसला आणि पुन्हा टाकला. या वेळी तो ट्रेमध्येच गरगरत राहिला, राहिला, आणि थांबला.

अठरा.

आम्ही असे ओरडलो, की खालचा बेकरीवाला धावत वर आला. “कुणाचा दात काढला?” त्यानं घाबरून विचारलं. सलीमभाईंनी त्यालाच मिठी मारली. डॉक्टर ट्रेकडे बघत होत्या. मग त्यांनी दात बघायच्या आरशाची दांडी ट्रेवर खणखण वाजवली.

“गप्प बसा. अजून झालेलं नाही.”

आम्ही गप्प झालो. बेकरीवालाही.

पूल कोसळला, त्या म्हणाल्या. टोळी नदीत गेली. सकाळी लोक एकेक करून घराबाहेर आले. राखणदार वेशीवर बसला होता, जिवंत. दिवेकरणीला काही आठवत नव्हतं, तर गावातल्या बायका तिच्याभोवती बसून तिला तिचीच हकीकत सांगत होत्या.

“आता तरी ऊन दाखवा ना,” ऋता म्हणाली.

“लाडात येऊ नका. ऊन नाही.” त्या थांबल्या. “पण खोऱ्यात धूर दिसतोय. आणि आज तो चुलींचा आहे.”

पुढच्या वर्षी त्यांनी दवाखाना विकला आणि मालवणला बहिणीकडे राहायला गेल्या. त्या जागेत आता एक बालरोगतज्ज्ञ बसतात. आम्ही तिघं अधूनमधून खडकीला सलीमभाईंच्या दुकानात भेटतो, खेळत मात्र नाही.

परवा डॉक्टरांनी एक रेकॉर्डिंग पाठवलं. आवाज थोडा परत आलाय, खरखरीत, पण ठणठणीत. मागे ट्रेमध्ये फासा गरगरत होता, बरीच माणसं एकदम बोलत होती आणि कुणीतरी तावातावानं ओरडत होतं, “डॉक्टर, ह्यां काय बरोबर नाय हां!”

त्या त्याचं अजिबात ऐकून घेत नव्हत्या. मी ते रेकॉर्डिंग बाकीच्या दोघांना पाठवलं आणि ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एकटाच मोठ्यानं हसलो.